कच्ची जागा

पायसांदूच्या गिरणीत, प्रतवारीच्या टेबलावर
उजेड दक्षिणेचा घेतात.
सूर्य इथे उत्तरेनं जातो;
दक्षिणेच्या खिडकीतून येतो तो उजेड नुसता असतो,
त्यात लोकरीला काही लपवता येत नाही.

त्या टेबलाशी विल्मार एतचार्त, सव्वीस वर्षं.
खांद्यावरची लोकर, पाठीवरची, पोटाखालची
बोटांनी वेगळी करतो, नजर बहुतेक बाहेर.
यंत्र जो आकडा पाऊण तासानं देतं
तो पाटीवर खडूनं आधीच लिहिलेला.

मी गिरणीची नर्स. कापलेली बोटं, रक्तदाब,
आणि यंदा मोंतेविदेओहून आलेली ही प्रश्नावली:
चव्वेचाळीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकटी.
मी लहानसहान गोष्टी मनाला लावून घेतो.
मी हातातलं काम अर्धवट टाकत नाही.
मला चारचौघांत मोकळं वाटतं.

नेलिदानं माते पीत पीत सात मिनिटांत भरली,
दोन विधानं गाळली, एका चौकटीत फूल काढलं.
एउलालियो दिवसाला दहा शब्द बोलतो,
सगळ्यांची पैज त्याच्यावर.
त्याचा कागद निवांत निघाला.
घरी कबुतरं आहेत, शब्द तो तिकडे खर्चतो.

विल्मारला दोन दिवस लागले.
प्रत्येक खूण चौकटीच्या आत, आधी पेन्सिलीनं, मग शाईनं,
आणि समासात, बारीक अक्षरात:
"चौदा आणि एकतीस एकच विचारतात.
चौदा जेवणाआधी भरलं, एकतीस पहाटे साडेतीनला.
उत्तरं जुळत नाहीत. चूक माझी समजू नये."

"विल्मार? अहो, एक खाडा नाही त्याचा,"
मुकादम हसला, "घड्याळ लावावं त्याच्यावर."

तेच तर.
अर्ध्या मायक्रॉनचा फरक कळणाऱ्या बोटांना
मुकादमाच्या 'बुएन दिया'तला उणा सूरही कळतो,
आणि तो घरी जातो त्यांच्याबरोबर,
जेवणाच्या ताटाशी बसतो.
गिरणी पगार देते तो या बोटांना.
प्रश्नावली त्यांनाच धोक्याचे गुण देते.
दोघींचा हिशेब बरोबर आहे,
म्हणून मला रात्री झोप लागेना.

एकदा त्यानं दाखवलं होतं मला:
लोकरीचा झुपका दोन्ही टोकांनी ताणायचा,
कानाजवळ धरून टिचकी मारायची.
चांगला असेल तर तारेसारखा वाजतो.
नाहीतर मधेच तुटतो, अगदी हलकेच.
"इथे मेंढी उपाशी होती," तो म्हणाला,
"किंवा आजारी. सहा-सात महिन्यांपूर्वी.
चरत होती, कळपाबरोबर चालत होती,
मेंढपाळालाही पत्ता नसेल.
लोकर तेवढी तिथे बारीक झाली."

स्वभावाला औषध नाही,
हे गिरणीतही म्हणालेच कोणीतरी, आपल्या भाषेत.
डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली
ती स्वभावासाठी नव्हतीच.
त्यानं चिठ्ठीची घडी घातली, कडेला कड जुळवून,
उलगडली, पुन्हा घातली.
मग मला विचारलं, दाराशी, टोपी हातात:
"गोळ्यांनी बोटं बोथट होतील का?"

मला माहीत नव्हतं.
तसंच सांगितलं.
सगळ्या उत्तरांत त्याला तेवढंच पटलं असावं;
टोपी घातली आणि पायऱ्या उतरला.

गुरुवारी पाटी कोरी.
टेबलाभोवती सगळे ताटकळत, पाऊण तास,
यंत्र काय म्हणतं म्हणून.
नेलिदाही गप्प. एउलालियोच म्हणाला,
"आज त्यानं झोपावं," आणि बाकीचे सात शब्द
दिवसभर खिशात ठेवले.

सव्वीस वर्षांतला पहिला खाडा
मी नोंदवहीत चढवला.
चौकटीच्या आत,
शाईनं.